मिरजेचा ड्रोन

मी एक जुना तंबोरा आहे, मित्रांनो. पोस्टरवर मात्र मला ड्रोन म्हणतात; मागं अखंड चालणाऱ्या सुराचं ते इंग्रजी नाव.

माझा भोपळा भीमेकाठचा, लाकूड तुणीचं आणि घडवणारे हात मिरजेच्या वजीरचाचांचे. घोडीवर, माझ्या चार तारांखाली, सुताचे चार दोरे सरकवले की आवाज उघडतो. त्याला जवारी म्हणतात. दोरा केसभर हलला तरी मी पत्र्यासारखा वाजतो. उतारवयात चाचांना ऐकू कमी येई. ते हनुवटी भोपळ्यावर टेकवून दोरा सरकवत आणि जागा सापडली की डोळे मिटत.

वीस वर्षं मी गवयांच्या मागं बसलो. वाहवा त्यांची झाली, माझी फक्त धूळ झटकली गेली. मग चाचांची मुलगी सुमैरा मला तिच्या बँडमध्ये घेऊन गेली. तिथं इंद्रजितची गिटार पिठाच्या गिरणीसारखी घरघरते, ढोल सात मात्रांत चालता चालता अकरांत शिरतो आणि सॅक्सोफोन कुणाचंच ऐकत नाही. या संगीताला काय म्हणायचं, यावर बँडमध्येही एकमत नाही. सुमैरा मला कधी बोटांनी छेडते, कधी सारंगीच्या गजानं. जन्मात पहिल्यांदा मी पुढं बसलो.

चाचा ऐकायला कधी आले नाहीत, पण प्रत्येक कार्यक्रमाआधी जवारी लावून देत. सुमैरा म्हणे, "अब्बा, जागा मला दाखवा की."

"घाई काय हाय? मी हाय की अजून."

विट्याच्या कार्यक्रमाला येतो म्हणाले. दोरे लावले, आणि आठवड्यातच चाचा गेले. त्यांच्या हातचं एवढंच उरलं म्हणून सुमैरानं मला मांडीवर घेऊन विटा गाठलं.

गर्दी झाली. पोस्टरवर 'मिरजेचा ड्रोन' छापलेलं, त्यामुळे निम्मे लोक ऊसवाले. जोतीराम नावाच्या शेतकऱ्यानं अदबीनं विचारलं, "ताई, ह्यात औषध किती लिटर बसतंय?" सुमैरा त्यांना समजावत होती, तोवर सभागृहाच्या माणसानं मला लख्ख पुसून ठेवलं.

"लय दोरे अडकले हुते," तो कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला. "काढून टाकले."

तिनं तार छेडली. पत्रा वाजला. केरात शोधलं, पण केर गाडीत गेला होता. ती माझ्याशेजारी खाली बसली ती उठेचना.

जोतीरामनी उपरण्याचे चार धागे ओढले. "आमचं सूत चालतंय का बघा."

तिनं हनुवटी भोपळ्यावर टेकवली. इंद्रजितनं गिटार बंद केली. तीन तारा उघडल्या. चौथी, खरजाची, उघडली नाही. मी तिघींवरच वाजलो. जाताना जोतीराम म्हणाले, "फवारलं न्हाई, पर अंगावर आलं." तेव्हा कुठं ती रडली.

खरज अजून बंद आहे. सुमैरा रोज हनुवटी टेकवते, दोरा सरकवते. डोळे मिटायची वेळ येत नाही.

मित्रांनो, वस्तूची निगा राखा, असं मीही म्हणालो असतो. पण माझी निगा फारच राखली गेली. तुमच्या घरात कुणाच्या हाताला एखादी जागा ठाऊक असेल, तर तो हात आहे तोवर ती विचारून घ्या. पुसायला फडकं काय, कुठंही मिळतं.