पेपरावर शाई फुटते

नवऱ्याला सगळी बिल्डिंग दौतराव म्हणायची, आणि बायकोला ते नाव फारच सौम्य वाटायचं. या माणसाकडे फाउंटन पेनं ड्रॉवरभर, शायांच्या बाटल्या कपाटभर आणि लिहायला काडीचं काही नाही. ऑफिसातलं सगळं काम कॉम्प्युटरवर. म्हणून रोज संध्याकाळी जाड, महागड्या कागदावर 'आज या पेनात ही शाई आहे' एवढंच वळणदार अक्षरात लिहायचं, फोटो काढायचा आणि शौकिनांच्या ग्रुपवर टाकायचा. तिकडचे रिकामटेकडे लगेच 'वा, काय छटा!' म्हणून माना डोलवायचे.

त्या सकाळी स्वयंपाकघरातला नळ तुटला आणि पाणी थेट हॉलमध्ये आलं. बायकोनं नणंदेला फोन लावला. नणंद प्लंबरचा नंबर सांगायला लागली.

"अहो, लिहून घ्या पटकन!" बायकोनं सकाळचा पेपर नवऱ्यापुढे सरकवला.

"कशावर, पेपरावर? शाई फुटते गं त्यावर."

तरी त्यांनी हातातलं पेन ठेवून दुसरं उघडलं, तर त्यातली शाई सुकलेली. तिसऱ्यात चकाकीची शाई, ती आधी हलवून घ्यावी लागते. ते पेन हलवत बसले आणि पाणी सोफ्याखाली शिरलं.

बायकोनं पर्समधली काजळाची पेन्सिल काढून नंबर तळहातावर खरडला आणि हात नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "आता निदान फोन तरी लावा!"

दौतरावांनी चष्मा सावरला आणि तिचा तळहात उजेडाकडे वळवला.

"सुरेख काळा आहे गं. धुवू नकोस हां, फोटो काढतो. कुठल्या कंपनीचा?"