तंबूची घरभरणी

स्वतःच्या बायकोशी अर्धा तास निवांत बोलायला मिळावं, एवढी साधी मागणी माणसानं कुणाकडं करायची? पिरनवाडीतल्या नागेंद्रच्या घराचं दार उजाडताना उघडायचं ते निजतानाच लागायचं. चुलते, मावश्या, गल्लीतली माणसं, यात्रा कमिटीवाले, जो येई तो चहा घेतल्याशिवाय हलत नसे. बायको प्रियदर्शनी बँकेतून दमून यायची आणि पर्स खाली ठेवायच्या आत आधण ठेवायची. शेवटी एकदा तिनं शांतपणे निकाल देऊन टाकला.

"एक दिवस असा दाखवा, ज्या दिवशी मला कोण चहा मागणार न्हाय. तेवढं जमलं तर जन्मभर ह्याच घरात राहते. न्हायतर टिळकवाडीत भाड्याची खोली बघा."

वडलांमागं आईनं, नागुबाईनं, नागेंद्रला खस्ता खाऊन वाढवलेलं. तिला सोडून वेगळं बिऱ्हाड करायचं म्हणजे गावाला तोंड कसं दाखवायचं?

शोधता शोधता त्याला बेट सापडलं. खानापूरच्या पुढं एका धरणाच्या पाण्यात उद्यान केलेलं होतं, रात्री तंबू ठोकून राहता यायचं आणि नावेशिवाय जायला वाटच नव्हती. नागेंद्र खूश झाला. त्यानं दोघांपुरता तंबू मागवला आणि तो नीट उभा राहतो का हे बघायला घरच्या अंगणातच ठोकला. मग काय, नागुबाई बाहेर आलीच.

"नव्या छपराखाली पयल्यांदा निजायचं, तर नारळ नको व्हय रं?"

"आई, हे घर न्हवं. कापड हाय."

"मांडव बी कापडाचाच असतोय. त्याला नारळ लागतोय का न्हाय?"

बी.कॉम. झालेला नागेंद्र तंबूच्या खुंट्या उपटायला लागला.

शनिवारी दोघं बेटावर पोचली. झाडाखाली तंबू उभा राहिला, समोर नुसतं पाणी. प्रियदर्शनी चप्पल काढून गवतावर बसली आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसली. नागेंद्रनं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात नाव येताना दिसली. नावेत नागुबाई, चुलते रवळूकाका, दोन मावश्या, पोरंटोरं, पुरणपोळ्यांचा डबा आणि स्टोव्ह होता.

रवळूकाकांनी तंबूच्या तोंडाशी उभं राहून रीतसर गाऱ्हाणं घातलं. "ह्या लेकरांच्या घराला कुणाची नजर लागू देऊ नको रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" नारळ फुटला, जेवणं झाली आणि मग रवळूकाका पाय पसरत म्हणाले, "सूनबाई, वाईच चहा टाक की."

प्रियदर्शनीनं नवऱ्याकडं नुसतं बघितलं. टिळकवाडीतली खोली नागेंद्रला तिथंच दिसायला लागली.

उन्हं उतरली. शेवटची नाव सुटायची वेळ झाली, तरी नागुबाईचा पत्ता नव्हता. ती तंबूत तोंडावर पदर घेऊन आडवी झाली होती.

"आई, चल. नाव निघाली."

"मी न्हाय येत." पदराआडून आवाज आला. "लगीन झाल्यापास्नं मी चुलीपास्नं लांब एक रात निजलेली न्हाय. हितं चूल न्हाय, दार बी न्हाय. मला निजू दे."

इतक्या वर्षांत हे नागेंद्रच्या मनातही आलं नव्हतं.

"राहू द्यात आईंना," प्रियदर्शनी म्हणाली. "मी हाय सोबत."

"आनि म्हशीची धार कोण काढणार?" रवळूकाकांनी विचारलं. सगळ्यांनी नागेंद्रकडं पाहिलं.

नावेत बसून जाताना तो मनात सुखावलाच. सासू-सुनेचं गूळपीठ जमलं म्हणजे घर वाचलं.

सकाळी तो धक्क्यावर न्यायला गेला. दोघी पहिल्या नावेनं खिदळत उतरल्या.

"झाला न्हवं मनासारखा दिवस?" त्यानं बायकोला विचारलं. "आता खोलीचं नाव काढायचं न्हाय."

"मी कुठं काढते? तुमची नाव गेल्यापास्नं मला कुणी चहा मागितला न्हाय. माझा शब्द पक्का हाय, मी जन्मभर ऱ्हाते घरात," प्रियदर्शनी म्हणाली. "खोली आईंना पायजे."

नागेंद्रनं आईकडं वळून बघितलं. नागुबाई चपलेतली वाळू झटकत होती.

"वरच्या मजल्यावरची बघ रं," ती म्हणाली. "आनि रवळूभावजींना पत्ता सांगू नको."