फ्लॉपीच्या तोंडातलं कुंकू

बायकोचे, कमलबाईंचे, दिवस झाले आणि भाईदासभाऊंच्या धुळ्याच्या टायपिंग क्लासचं कुलूप निघालं. त्यांचं दुःख हलकं झालं म्हणून नव्हे; दुपारी मान्यतेचे तपासनीस यायचे होते म्हणून. दुःख हलकं की जड, ते भाऊंना कळतच नव्हतं. लोक भेटायला येत, रडत, आणि भाऊ त्यांना पाणी देत.

सन अठ्ठ्याण्णव. यंदा नवा नियम निघाला होता. क्लासात विंडोज चालताना दिसली तर मान्यता, नाही तर क्लास बंद. क्लास बंद म्हणजे दिवसभर रिकामं घर, आणि ते भाऊंना नको होतं. नको आहे एवढं मात्र त्यांना पक्कं कळत होतं.

क्लासातला एकुलता एक कॉम्प्युटर मात्र फार म्हातारा. त्याच्यावर नवी विंडोज चढवणं म्हणजे शेळीच्या पाठीवर केळीचे घड लादणं. म्हणून कमलबाईंचा धाकटा भाऊ रुपचंद, जळगावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, पहाटेच्या एसटीनं आला होता. विंडोज सोलून, तिचे तुकडे वेगवेगळ्या फ्लॉप्यांवर घालून त्यानं आणले होते.

"दाजी, यामा आवाज शेत. लागस का?"

"काढी टाक."

"पडद्यावरची चित्रं?"

"काढी टाक."

"पत्त्यांचा खेळ? मदतीची पानं?"

"बठ्ठं काढी टाक."

"मग ऱ्हायनं काय?"

"चालू होणं," भाऊ म्हणाले. हल्ली त्यांचंही तेवढंच राहिलं होतं.

ढिगातून उरलेल्या थोड्या फ्लॉप्यांपैकी पहिली रुपचंदनं आत सरकवली. यंत्र करकरलं आणि गप्प झालं. दुसरी घातली, तेच. रुपचंदनं स्क्रू काढून फ्लॉपीचा खण उघडला.

"दाजी, हाई काय शे?"

आत हळद होती, कुंकू होतं, चार अक्षता होत्या. भाऊंनी ओळखलं. खंडेनवमीला क्लासच्या यंत्रांची पूजा कमलबाई करीत. टाइपरायटरच्या पोटात, कळांच्या मधून कुंकू वाहायची त्यांची जुनी रीत. टाइपरायटर ते निमूट पचवत. यंदा कॉम्प्युटर नवा आला, म्हणजे जुनाच, पण क्लासात नवा. त्याला सापडलं ते एकच तोंड. त्यांनी त्यातच भरवलं. त्यानंतर चार दिवसांत त्या गेल्या.

रुपचंद कुंचला हातात घेऊन तसाच बसला. "अक्काना हातनं शेवटलं शे," तो म्हणाला. "मी संध्याकाळच्या गाडीनं दुसरा खण आणतो. हा असाच राहू दे."

"साहेब दुपारी येतील."

"मग तुम्हीच सांगा."

"काढी टाक," भाऊ म्हणाले. आवाज तोच, पत्त्यांच्या खेळाला होता तो.

रुपचंदचा हात उठेना. तेव्हा भाऊंनी कुंचला घेतला आणि कोपरान् कोपरा झाडला. आता आपल्याला काहीतरी होईल म्हणून ते मध्ये थोडे थांबले. काही झालं नाही. अक्षता चिकटल्या होत्या, त्या नखानं काढल्या.

विंडोज चढली. साहेब आले, त्यांचा चहा संपला, मग ती उघडली. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं.

"यात काहीच नाही हो."

"चालू आहे साहेब."

"ते दिसतंय." साहेबांनी शिक्का मारला. मग त्यांची नजर कळफलकावर गेली. मधल्या कळांवर पूजेच्या वेळची कमलबाईंची लाल बोटं उमटली होती.

"पूजा जोरात केलेली दिसते."

"हो," भाईदासभाऊ म्हणाले. "घरातल्यांना सवय होती."

साहेब गेल्यावर रुपचंद फडकं ओलं करून आला. भाऊ कळफलकापुढून उठले नाहीत.

"ते राहू दे," ते म्हणाले.