अर्धं बोट खाली

फिटिंगबाईंच्या दुकानातून आजवर एकही कपडा एका अंगाला ओढत बाहेर पडला नव्हता. आणि त्यांच्याच छातीवर सर्जनने नवा स्तन बसवला तो जुन्यापेक्षा अर्धं बोट खाली. हे त्यांनी कसं खपवून घ्यावं?

कॅन्सरच्या गाठीपायी डावी बाजू काढली होती. त्याच ऑपरेशनात पोटाचं मांस वर आणून नवी घडवली होती. सर्जनने समजावलं, अजून सूज आहे, चार-सहा महिन्यांत सगळं जागेवर येईल. धुतल्यावर बसेल म्हणणारे शिंपी फिटिंगबाईंनी पुष्कळ पाहिले होते.

घरी आल्यावर दहाव्या दिवशी त्या मशीनवर बसल्या आणि दुहेरी कापडाची बंडी शिवली. डावीकडे खालून आधाराला कॉलरीत घालतात ते बकरम, तेही तिहेरी. अंगात घातली तेव्हा श्वास अर्धाच आत गेला, पण दोन्ही बाजू एका रेषेत आल्या. नवऱ्याला समोर उभं करून, आडवा दोरा धरायला लावून त्यांनी खात्री करून घेतली. बरोबर आहे, असं नवरा म्हणाला. चाळीस वर्षांत तो दुसरं काही म्हणाला नव्हता.

चौथ्या दिवशी छातीवरच्या टाक्यांचा खालचा कोपरा उसवला. कड आधी निळी पडली, मग काळी.

फिटिंगबाई दर शुक्रवारी दवाखान्यात जात. जाताना बंडी घडी करून पिशवीत, आणि अंगात दवाखान्याने दिलेली ढगळ बाडीस. ते गोणपाट त्या दवाखान्याचा मान राखायला म्हणून तासभर सोसत. त्यामुळे जखम का भरत नाही हे कोणाला कळेना. साखर तपासली, रक्त तपासलं. घरात कोणी विडी ओढतं का, म्हणून विचारलं. नवऱ्याने सोडून वीस वर्षं झाली होती, तरी त्याची मान खाली गेली. दुसऱ्या शुक्रवारी पाच डॉक्टर जमले, तिसऱ्या शुक्रवारी शिकाऊ डॉक्टरांचा वर्गच्या वर्ग आला. फिटिंगबाई उताण्या पडून त्यांच्या कॉलरी बघत राहिल्या. एकाला सांगितलंही, की तुझा कोट खांद्यात ओढतोय, शनिवारी दुकानात घेऊन ये. तो घेऊन आला.

सर्जनलाही त्यांनी तोंडावर ऐकवलं. टाके बारीक आहेत, पण कडेला शिवणीत दाबायला जादा माया सोडलेली नाही, उसवणारच. सर्जन इतका टेकीला आला होता, की त्याने ते लिहून घेतलं. मग पेन ठेवून म्हणाला, अजून पंधरा दिवस बघू. कड अशीच मरत गेली तर नवा स्तन काढून टाकावा लागेल.

"काढून टाकायला मी काय नमुना म्हणून घालून बघितलाय?" फिटिंगबाई म्हणाल्या. पण आवाज नेहमीसारखा लागला नाही, आणि हात आपसूक पदर शोधावा तसा छातीवर गेला.

सून कोपऱ्यात पिशवी धरून उभी होती. अकरा वर्षं ती दुकानात होती, पण मोठ्या कात्रीला तिचा हात लागू दिलेला नव्हता. काज-बटणं, बस्स. कारण तिने शिवलेलं काहीही वीतभर सैल व्हायचं. तिच्या कपड्यात दोन बायका राहतील आणि एकमेकींना दिसणार नाहीत, असं सासूबाई गिऱ्हाइकांदेखत सांगत. ती कधी उलटून बोलली नव्हती. आत्ताही फार बोलली नाही. पिशवीतून बंडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"आई ही दिवसरात्र घालतात. फक्त इथे येताना काढतात."

फिटिंगबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी असती तर जागीच विरली असती.

सर्जनने बंडी उलटीसुलटी केली, बकरम अंगठ्याने दाबून पाहिलं, मग जखमेशेजारी धरली. आतला डाग आणि काळी कड टेपने मोजल्यासारखी जुळली.

"कोणी शिवली?"

"मी."

"शिवण अप्रतिम आहे," सर्जन म्हणाला. "हिच्याखाली रक्त पोचतच नाही. तुम्ही नव्या स्तनाचा गळा आवळलाय."

पहिल्या वाक्याला फिटिंगबाईंची मान ताठ झाली होती. ती खाली यायला थोडा वेळ लागला.

त्याने मेलेली कड कापली, वर उशीएवढी पट्टी ठेवली. आता त्या पट्टीवर दवाखान्याची बाडीसही पुरेना. घरी येऊन फिटिंगबाई स्वतःच सैल काहीतरी शिवायला बसल्या. खडूने चार बोटं जास्त आखली, कापलं, शिवलं, घातलं. चोख बसलं. पुन्हा आठ बोटं जास्त आखली. तेही चोख. तिसऱ्या खेपेला डोळे मिटून कात्री चालवली, तर ती वळणावर आपणहून आत आली. नवरा दोरा घेऊन उभाच होता. "बरोबर आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला ते बोलताना भीती वाटली.

तेव्हा फिटिंगबाईंनी सुनेला हाक मारली. कात्री तिच्यापुढे सरकवली.

"माप घे."

"नको, आई. माप घेतलं तर बसेल ना."

संध्याकाळपर्यंत तयार झालं. एक खांदा दुसऱ्याच्या पुढे, गळा कानाकडे निघालेला, आणि आत पट्टीसकट हवा खेळायला भरपूर जागा. ते घालून फिटिंगबाई पंधरा दिवस गल्ल्यावर बसल्या. येणाऱ्या प्रत्येकीला, तिने विचारायच्या आत सांगत होत्या, की हे मी शिवलेलं नाही. दोघींनी तसलंच मागितलं. त्यांना त्यांनी हाकलून दिलं.

शुक्रवारी सर्जनने पट्टी उचलली आणि बराच वेळ वाकून बघत राहिला. काळं कुठे उरलं नव्हतं. कडेने लालचुटूक, ओलसर मांस वर येत होतं.

"काढायची गरज नाही," तो म्हणाला. "भरतेय."

फिटिंगबाई उठून बसल्या. बटणं लावताना एक बटण भलत्याच काजात गेलं, ते त्यांनी तसंच राहू दिलं. दाराबाहेर आल्यावर सुनेचा दंड धरला.

"अजून दोन शिव. अगदी अश्शाच. उगाच सुधारायला जाऊ नकोस."