घर पुढे निघून गेलं

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या स्वेटरच्या घडीवर बसलेला हा करडा, ओरखड्यांनी भरलेला ड्रोन म्हणजे मीच. आता मी म्हातारा झालो. एक पंखा उसना आहे, बॅटरी फुगली म्हणून काढून ठेवली आहे. तरी मला चैन पडत नाही. खिडकीचा पडदा हलला, की वाटतं, निघायची वेळ झाली.

कारखान्यात मला एक डोळा मिळाला आणि एक सवय. डोळा म्हणजे कॅमेरा. सवय अशी, की उडालो ती जागा मनात पक्की करायची आणि रिमोटवरचं घराचं बटण दाबलं, की आपसूक तिथेच येऊन उतरायचं. लोक याला माझी हुशारी म्हणत. पण मला ना माणूस आठवतो, ना दार. आठवते ती फक्त जागा. म्हणून वर असताना माझ्या जिवाची सारखी घालमेल व्हायची. खाली सगळं जागच्या जागी असेल ना?

माझा मालक हा घाईघाईने बोलणारा, हसरा माणूस. नोकरी सुटल्यावर त्याने मला जुन्या मालकाकडून विकत घेतलं. नव्या इमारतींच्या गच्च्या, शाळांची मैदानं, सायकलींच्या शर्यती, सगळं मी वरून टिपलं. काम झालं की तो बटण दाबायचा, रिमोट काखेत मारायचा आणि चहाकडे वळायचा. मी बरोबर त्याच्या पायाशी उतरायचो. मुलं टाळ्या पिटायची. त्या टाळ्यांनी तो निर्धास्त झाला. मी मात्र कधीच झालो नाही.

घरात एका माणसाला माझं काडीचं कौतुक नव्हतं. त्या म्हणजे त्याच्या सासूबाई. नदीवरची फेरीबोट त्या चालवत. आवाज खणखणीत आणि शिस्त त्याहून कडक. धक्का सुटला, की धावत येणाऱ्या प्रवाशासाठीही त्यांनी कधी बोट मागे घेतली नव्हती.

"जावईबापू, भिंगरी फिरवून संसार चालतो होय?" असं त्या तोंडावर विचारत. तो नुसता हसे. रात्री मला पुसताना मात्र त्याचा हात जड असे.

मग एकदा बोटीच्या मालकांना जाहिरातीसाठी चित्रफीत हवी झाली आणि काम नेमकं त्याच्याकडे आलं.

"आई, तुमची बोट अशी दाखवतो की बघत राहाल," तो म्हणाला.

"दाखवा. पण माझं तोंड दाखवू नका. आणि बोट तुमच्यासाठी थांबणार नाही, आत्ताच सांगते."

धक्का मागे पडल्यावर त्याने मला डेकवरूनच सोडलं. मी नेहमीप्रमाणे जागा मनात पक्की केली. मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर मी ओरडलो असतो, की अरे, ही जागा पाण्यावरची आहे! बोट आपली पुढे चालली होती.

वरून चित्रीकरण फार सुरेख झालं. बोटीमागे फेसाची पांढरी वाट, रेलिंगशी रंगीत स्वेटर घातलेले प्रवासी. बॅटरी उतरू लागली तसं त्याने सवयीने बटण दाबलं आणि कुणाच्या तरी थर्मासमधला चहा हातात घेतला.

मी वळलो. बोट एकीकडे आणि मी दुसरीकडे. मला दिसत होतं, की घर पुढे निघून गेलं आहे. पण आज्ञा मोडणं मला ठाऊक नव्हतं. मी त्या ठरल्या जागेवर आलो. खाली नुसतं हिरवट पाणी होतं. आणि मी खाली उतरू लागलो.

"अहो, तुमचं ते चाललं उलटं!" एक प्रवासी ओरडला.

चहा सांडला. त्याने परतीची आज्ञा रद्द केली, मला बोटीच्या दिशेने रेटलं. समोरून वारा अंगावर येत होता. थोडं पुढे सरकलो आणि बॅटरी अगदी तळाला गेली. अशा वेळी मी आपोआप उतरू लागतो, म्हणजे आता मी हळूहळू खालीच येणार होतो. फार तर रिमोटच्या दांडीवरचा त्याचा अंगठा मला जरा धरून ठेवणार. तो भान हरपून रेलिंगवर चढला, एक पाय बाहेर. त्याला पोहता येत नव्हतं.

"जावईबापू!" केबिनमधून आवाज आला. "पाय आत घ्या आधी! मेलं ते यंत्र! पाय आत!"

"आई, माझं सगळं त्यातच आहे हो!"

मग बोटीचं तोंड फिरलं. प्रवासी एकमेकांवर कलंडले, सामान घसरलं. "पाठ टेकून बसा सगळे," त्या ओरडल्या, "आणि तुम्ही त्याला फक्त तिथंच धरून ठेवा. बाकी मी बघते!"

मी पाण्यापासून हातभर वर होतो. लाटेचे तुषार पोटाला लागत होते. घर चुकणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. मग नजरेच्या कडेतून बोटीचं टोक आत शिरलं. मालकाने अंगठा सगळा जोर लावून दाबला, मी जेमतेम रेलिंगच्या वर उठलो. त्यांनी इंजिन मंद केलं आणि एवढी मोठी बोट परातीसारखी अलगद माझ्याखाली सरकवली. मी डेकवर आदळलो. एक पंखा तुटला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मालक फतकल मारून बसला होता.

संध्याकाळी घरी त्याने सगळं पडद्यावर लावलं. शेवटी पाणी, मग डेक, आणि केबिनच्या काचेतून बाहेर पाहणाऱ्या सासूबाई. चेहरा पांढराफटक, ओठ आवळलेले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर रेलिंगवर होती, जिथे तो उभा होता.

"हे काढून टाका," त्या म्हणाल्या.

"हो आई."

त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "त्या लोकांना देऊ नका, एवढंच. आपल्याकडे राहू दे."

मित्रांनो, नंतर मी खूप उडालो. दर वेळी तो आधी विचारायचा, आज घर कुठे धरायचं? जागेवर, की माझ्या हातातल्या रिमोटवर? तशी सोय माझ्यात होती, पण तोवर त्याने ती कधी वापरलीच नव्हती. तेवढ्या विचारण्याने माझी निम्मी घालमेल जायची. तुमच्याही हाती उद्या एखादं यंत्र येईल. ते स्वतःहून परत येतं म्हणून त्याच्याकडे पाठ करू नका. ते खाली टेकेपर्यंत वर बघत राहा. वर असलेल्याला तेवढाच आधार असतो.