आठ तारखेच्या आत

आजारी माणसं सांभाळण्यात माझी वीस वर्षं गेली. गू-मूत काढलं, पाठीच्या जखमा धुतल्या, कधी नाक मुरडलं नाही. किळस आली ती सुकापूरच्या काशिरामची, आणि तीही भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे.

त्याची आई कमळाबाई २०११ च्या मे महिन्यात अंथरुणाला खिळली होती. घरात त्याच्या मुलीचं, किशोरीचं, लग्न. एकवीसला हळद, बावीसला लग्न. म्हातारीचा सगळा जीव या नातीत. रोज सकाळी विचारायची, "गोदू, हलदीला किती दिस रायले गो?" मी आकडा सांगितला की बोटं दुमडायची. "पोरीला माझ्या हातानं हलद लावीन, मंगच जाईन."

दोन तारखेला तिला पाणीसुद्धा धड गिळवेना. मी काशिरामला म्हटलं, "दादा, दवाखान्यात हलवा. सलाईन लागलं की सुधारतील."

तो कॅलेंडरसमोर उभा राहून भटजींशी फोनवर बोलत होता. "मेलेला दिवस धरायचा का सोरायचा? धरायचा ना? मंग ठीक हाय." त्यानं बोटांवर पुन्हा मोजलं आणि आठ तारखेला लाल गोल केला. आठच्या आत म्हातारी गेली, तर तेरावं वीसला उरकत होतं आणि दुसऱ्या दिवशी हळद. त्यानंतर गेली, तर लग्न सुतकात. हिशेब चोख!

"दवाखाना नको," तो मला म्हणाला. "या वयात आयचं हाल नको."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी पाहिले होते. हा तर मढं व्हायच्या आधीच वाटी घेऊन बसला होता. मला तिथल्या चहाचीसुद्धा शिसारी यायला लागली.

मी चमच्या-चमच्यानं साखरपाणी पाजत राहिले. काशिराम रोज दारातून डोकावायचा आणि विचारायचा मला, "काय वाटतंय?" आईला एक शब्द नाही. आठ तारीख गेली. म्हातारी जिवंत, बोटं दुमडलेली.

नऊला सकाळी सातला दारात ॲम्ब्युलन्स! पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात काशिराम डॉक्टरांचे पाय धरत होता. "काय पन करा, माझी आय वाचली पायजे." शेजारीपाजारी म्हणाले, मुलगा असावा तर असा.

म्हातारी सुधारली. पण आयसीयूत खिडकी नाही, दिवे कधी विझत नाहीत. तिला तारखांचा पत्ता लागेना, काल सांगितलेला आकडा आज आठवेना. तिची मोजदाद आता फक्त माझ्या तोंडावर होती, आणि मी एक दिवस चुकू दिला नाही.

एकवीसला सकाळी मी काशिरामला फोन लावला. "तासभर तरी न्या त्यांना. नाहीतर वाटीत हळद पाठवा, किशोरीला पाठवा."

मागे बँड वाजत होता. "रस्त्यात काय झालं म्हंजे? चोवीस तास तर रायलेत. तू फकस्त तिला सांबाल."

मी आत आले. म्हातारीनं हात पुढे केला. "किती रायले?"

खरं सांगायला जीभ वळेना. "चार," मी म्हटलं.

तिनं चार बोटं मोजली आणि समाधानानं डोळे मिटले. त्या क्षणी मला काशिरामइतकीच माझीही घाण वाटली.

तेवीसला सकाळी मी तिला 'दोन' सांगितलं. तेवढ्यात काशिराम कागदांवर सही करायला आला. "आता घरी नेऊया," तो म्हणाला. "या वयात आयचं हाल नको."

वाक्य तेच. फक्त त्याची नखं पिवळीधमक होती.

म्हातारीनं त्याचा हात हातात घेतला. एकेक नख निरखून पाहिलं. मग दुमडलेली बोटं तिनं सावकाश उघडली आणि माझ्याकडे वळली.

"गोदू," ती म्हणाली, "तुला मोजता येत नाय गो."