टोप्यांवर फुटलेले खापर

१८२० च्या एप्रिल महिन्यात बॉस्टनकडच्या आमच्या डनमोर गावाला मंदीचे कारण सापडले. ते कारण म्हणजे मी.

मी केझाया थेअर. नवरा गेल्यापासून नऊ वर्षे बायकांच्या गवती टोप्या करते. गावातल्या सहा बायका घरी बसून काड्यांच्या वेण्या विणतात, मी त्या शिवते, इस्त्री करते, फीत लावते. थंडी सरली की प्रत्येकीला नवी टोपी हवी असते, आणि त्या दोन महिन्यांच्या विक्रीवर आम्हा सातजणींचे वर्ष निघते. त्या वर्षी त्रेचाळीस टोप्या तयार होऊन माझ्या तुळयांना लटकत होत्या. त्या खपल्या तर सहा घरांत मक्याचे पीठ जाणार होते. त्यांतल्या सब्मिट बलूच्या घरात तर दुसरी कमाई उरलीच नव्हती. चार पोरे, आणि नवरा जोथम सूतगिरणीतून घरी बसलेला.

गिरणी का बंद पडली हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. इंग्रजांशी चाललेली लढाई संपल्यावर त्यांनी जहाजे भरभरून कापड आणले आणि बंदरात लिलावात मिळेल त्या भावाला फुंकून टाकले. आमचे सूत कोण घेणार? दुसरीकडे डीकन असाहेल वाइल्डर यांनी गावात बँक काढली होती. चर्चचे डीकन, म्हणजे कारभारी, तेच, बँकेचे अध्यक्षही तेच. नोटा छापायच्या, त्यावर स्वतःची झोकदार सही ठोकायची, आणि ओहायोतली जमीन घ्यायला मागेल त्याला द्यायच्या. अर्धे गाव न पाहिलेल्या जंगलांचे मालक झाले. सगळेच घेत होते म्हणून भाव चढत होता, आणि भाव चढतो म्हणून सगळे घेत होते. मग फिलाडेल्फियाच्या मोठ्या बँकेला, जिने स्वतःही हात सैल सोडला होता, एकाएकी घाम फुटला. तिने स्वतःकडे साचलेले आमच्या नोटांचे गठ्ठे पाठवले आणि त्याबदली चांदी मागितली. डीकनसाहेबांनी काखा वर केल्या आणि दाराला फळी ठोकली. माझ्या डब्यात त्यांच्या एकसष्ट डॉलरच्या नोटा पडून राहिल्या.

मी काही शिकलेली नाही. टोप्यांना इस्त्री करता करता मला एवढे कळले, तर बॉस्टनची वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ते कळू नये?

राज्यपालांनी पापक्षालनासाठी उपासाचा दिवस जाहीर केला होता. त्याच्या आदल्या सोमवारी आमचे पाद्री एलिफलेट स्ट्राँग आणि डीकनसाहेब माझ्याकडे आले. टोप्या इतक्या खाली लोंबत होत्या की दोघांना वाकूनच बसावे लागले. पाद्रीसाहेब म्हणाले, त्यांनी पुष्कळ चिंतन केले आहे, आणि या दुर्दशेचे मूळ चैनीत आहे. फिती, फुले, दरवर्षी नवी टोपी. उपासाच्या दिवशी गावच्या बायका चर्चमध्ये उभ्या राहून वर्षभर नवी टोपी न घेण्याची शपथ घेतील. त्याआधी मी सर्वांसमोर माझ्या पापाची कबुली द्यावी.

"आणि ओहायोच्या जमिनीची कबुली कोण देणार?" मी विचारले.

"तो धंदा होता, बाई," डीकनसाहेब म्हणाले. "धंद्यात वर-खाली व्हायचंच. ही नुसती हौस आहे."

नाही म्हणायची सोय नव्हती. चर्चने वाळीत टाकलेल्या बाईकडून या गावात कोणी सुईसुद्धा घेत नाही. मी हो म्हटले. पण मनात ठरवले, कबुली द्यायचीच आहे तर खरी देऊ.

उपासाच्या दिवशी सकाळपासून पोटात अन्न नव्हते आणि चर्चमध्ये हाडे गोठत होती. मी मधल्या वाटेत उभी राहिले.

"नऊ वर्षांत मी तीनशे टोप्या विकल्या," मी म्हणाले. "त्या सगळ्यांचे पैसे एकत्र केले तरी या गावाने ओहायोत घातलेल्या पैशाचा कोपराही भरणार नाही. जोथम बलूची गिरणी माझ्या फितीनं बंद पाडली नाही. माझं पाप एकच. डीकनसाहेबांनी कागदावर सही केली, आणि मी त्या कागदाला पैसा समजले."

मला वाटले, आता कोणीतरी उठेल. निदान एक जण तरी विचारेल.

पाद्रीसाहेबांनी डोळे पुसले. आपल्या भगिनीने मन मोकळे केले आहे, तिला क्षमा करणाऱ्यांनी हात वर करावेत, असे ते म्हणाले. झाडून सगळ्या पुरुषांचे हात वर गेले. सर्वांत आधी डीकनसाहेबांचा. मी आरोप केला होता आणि या लोकांनी तो माफीनामा म्हणून ठेवून घेतला. इतका संताप मला नवरा गेला तेव्हाही आला नव्हता.

मग शपथेसाठी बायका उठल्या. पहिली उठली डीकनची बायको टेम्परन्स. पाठोपाठ माझ्या सहाही विणणाऱ्या उठल्या.

बाहेर पडताना मी सब्मिटला दारातच गाठले. "अगं, स्वतःच्याच पोटावर पाय दिलास की."

"सगळ्या उठल्या, मी एकटी कशी बसून राहू?" ती म्हणाली. "आणि जोथम म्हणतो, पाप फिटलं की गिरणी सुरू होईल."

मी घरची वाट धरली.

आठवडा गेला, एक टोपी हलली नाही. मी माझ्या पिंपातले पीठ वाटत राहिले, तेही तळाला गेले. नवव्या दिवशी दुपारी मागच्या दारावर टकटक झाली. टेम्परन्सबाई. बहिणीच्या मुलीचे बॉस्टनला लग्न होते, आणि शपथ काही बॉस्टनला लागू नाही असे त्यांचे मत होते. निळ्या फितीची टोपी त्यांनी उतरवून घेतली. किंमत तीन डॉलर. नोटा घेणार नाही, मी आधीच सांगितले.

त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत पाच डॉलरचे सोन्याचे नाणे होते.

बँक बंद झाली त्या दिवशी सब्मिट अकरा डॉलरच्या नोटा घेऊन तिथे उभी होती. तेव्हा डीकनसाहेब तिला म्हणाले होते, बँकेत किंवा घरात खिळ्याएवढेही नाणे उरलेले नाही. मी टेम्परन्सबाईंना विचारले, हे कुठून आले?

"यांनी वेळेवर थोडं बाजूला काढलं होतं," त्या म्हणाल्या. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेच नाही.

ते नाणे त्यांच्या अंगावर फेकावेसे वाटले. पण त्यात सहा घरांचे पीठ होते. मी ते घेतले, डबा उघडला आणि एकेक डॉलरच्या दोन नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या.

"हे काय?"

"तुमचे दोन डॉलर परत."

"अहो, पण या नोटा कुठंच चालत नाहीत."

"सही वाचा," मी म्हणाले.

त्यांनी वाचली. मान वर करून चांदीचे डॉलर मागितले. माझ्या घरात खिळ्याएवढेही नाणे नाही, असे मी सांगितले. नोटा पिशवीत कोंबून, टोपी शालीखाली घेऊन त्या मागच्या दाराने निघून गेल्या. मला वाटले होते, त्या क्षणी बरे वाटेल. फारसे वाटले नाही.

संध्याकाळच्या आत मी पाच डॉलरचे पीठ आणि थोडी काकवी आणून सहा घरांत पोचवली. सब्मिटने पिशवी हातात तोलून पाहिली. तिचा चेहरा उजळला.

"बघ केझाया, नऊ दिवस होतात न होतात, तोच शपथेचा गुण आला."

मला राहवले नाही. टोपी, नाणे, रुमाल, मागचे दार, सगळे तिला सांगितले. ती माझ्याकडे दुखावल्यासारखी बघत राहिली.

"त्या तर सगळ्यांच्या आधी उठल्या होत्या गं," ती म्हणाली. "असं बोलू नये कुणाबद्दल. आत्ताच कुठं तुला क्षमा झालीये."

आणि ती पीठ घेऊन आत गेली.